घरच्या स्टुडिओसाठी साधा ऑडिओ स्विच बॉक्स: पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

गोव्यात भजनी मंडळांतले तरुण, नाट्यसंगीत शिकणारी मुलं, घुमट आरतीचे गट हल्ली घरच्याच एखाद्या खोलीत रेकॉर्डिंग करतात. लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपचा स्पीकरला नेणारं उपकरण), एक कंडेन्सर माइक आणि मॉनिटर स्पीकरची एक जोडी एवढ्यावर काम सुरू होतं. पुढे स्पीकरची दुसरी जोडी येतेच, कारण मोठ्या मॉनिटरवर भरदार वाटलेलं मिक्स लोकांच्या घरातल्या लहान स्पीकरवर कसं वाजतं हे कळल्याशिवाय ते पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. पण इंटरफेसला मुख्य आउटपुट दोनच, एक डावं आणि एक उजवं. मग रोज टेबलामागे हात घालून प्लग काढायचे आणि घालायचे. बहुतेक इंटरफेसचे जॅक आतल्या सर्किट बोर्डावर थेट सोल्डर केलेले असतात. ओढाताणीने आधी जॅक सैल होतो, मग आवाज खरखरतो, आणि शेवटी एक बाजू बंद पडते.

यावरचा उपाय घरी करता येतो. एक धातूचा डबा, सहा जॅक, एक स्विच आणि थोडी वायर. या डब्याला वीज लागत नाही, आत एकही आयसी नसते. आवाज एका वाटेने जाणार की दुसऱ्या, एवढंच तो ठरवतो. सोल्डरिंग कधी केलं नसेल तरी एका रविवारात जमण्यासारखं काम आहे. यात लोक अडकतात ते सोल्डरिंगमुळे नाही. कुठली तार कुठे जाणार हे कागदावर न उतरवता थेट आयर्न तापवायला घेतलं की गोंधळ होतो. म्हणून खाली निम्मा भर नकाशावर आणि तपासणीवर दिला आहे.

१. या डब्यातून काय न्यायचं आणि काय नाही

हा डबा लाइन लेव्हलच्या सिग्नलसाठी आहे. इंटरफेसमधून पॉवर्ड मॉनिटरला, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेल्या स्पीकरला जातो तो हा सिग्नल. व्यावसायिक उपकरणांत त्याची नेहमीची पातळी साधारण १.२३ व्होल्ट, घरगुती म्युझिक सिस्टिमसारख्या उपकरणांत ०.३ व्होल्टच्या आसपास. एवढ्याशा व्होल्टेजला साधा छोटा स्विच पुरतो.

तीन गोष्टी यातून नेऊ नका. पहिली, माइक. माइकचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, आणि कंडेन्सर माइकच्या तारेवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकला चालवणारी वीज असते. ती चालू असताना मधला स्विच फिरवला तर स्पीकरमधून बार उडाल्यासारखा आवाज येतो, स्पीकरचा ट्विटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा भाग, जाऊ शकतो. दुसरी, अँप्लिफायरमधून स्पीकरला जाणारी तार. त्यात करंट खूप जास्त असतो, त्याचे स्विच वेगळे. तिसरी, घरातली २३० व्होल्टची वीज. ती या डब्याच्या जवळपासही नको.

मी इथे सांगतोय तो एक इनपुट जोडी आणि दोन आउटपुट जोड्यांचा डबा. आत नुसत्या तारा असल्यामुळे तो उलटाही चालतो. दोन कीबोर्ड एकाच इंटरफेसला आळीपाळीने लावायचे असतील तर आउटपुटच्या जॅकमध्ये कीबोर्ड लावा, इनपुटच्या जॅकमधून इंटरफेसकडे न्या. फक्त दोन उपकरणांची आउटपुट एकाच वेळी एकमेकांना थेट जोडली जातील अशी रचना कधी करू नका. ते काम मिक्सरचं.

२. बॅलन्स्ड म्हणजे काय, एवढं समजून घ्या

६.३५ मिमीच्या मोठ्या जॅकच्या प्लगवर दोन काळ्या रेघा असतील तर तो टीआरएस. टोकाला टिप, मधलं कडं रिंग, आणि मागचा लांब भाग स्लीव्ह. बॅलन्स्ड जोडणीत टिपवर सिग्नल, रिंगवर तोच सिग्नल उलटा, आणि स्लीव्हवर ग्राउंड, म्हणजे सगळ्यांना सामायिक असलेली शून्य व्होल्टची तार. स्पीकर टिप आणि रिंगमधला फरक घेतो. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. प्लगवर एकच रेघ असेल तर तो टीएस, म्हणजे अनबॅलन्स्ड.

स्टीरिओ आणि बॅलन्स्ड म्हटलं की डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन, अशा चार तारा एकाच वेळी बदलायच्या असतात. म्हणून स्विच चार पोलचा हवा. ग्राउंड मात्र बदलायचं नाही. सहाही जॅकचे स्लीव्ह आतून कायमचे एकमेकांना जोडलेले ठेवायचे. स्विच फिरवताना क्षणभर ग्राउंड सुटलं तर मोठ्याने घरघर येते आणि स्पीकरला धक्का बसतो.

इथेच एक सापळा सांगतो, कारण आपल्याकडे तो फार दिसतो. रियाजाला मोबाइलवरचा तानपुरा लावायचा म्हणून लोक ३.५ मिमीची पिन मोठ्या जॅकच्या कन्व्हर्टरला लावून ती बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसतात. मोबाइलच्या पिनमध्ये टिपवर डावा आवाज आणि रिंगवर उजवा. बॅलन्स्ड इनपुट त्या दोघांची वजाबाकी करतं, आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, म्हणजे मधोमध असणारा गळा किंवा तानपुरा, जवळजवळ नाहीसा होतो. मोबाइलसाठी एका बाजूला ३.५ मिमी आणि दुसऱ्या बाजूला दोन टीएस प्लग असलेली केबल वापरा. डावा एका जॅकमध्ये, उजवा दुसऱ्यात.

३. सामान आणि हत्यारं

सामान:
– डाय-कास्ट अॅल्युमिनियमचा डबा, साधारण १२ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद
– ६.३५ मिमीचे टीआरएस पॅनेल जॅक, सहा, शक्यतो प्लास्टिक बॉडीचे
– चार पोलचा डबल थ्रो (प्रत्येक तार दोनपैकी एका वाटेला जोडणारा) टॉगल स्विच, बारा पायांचा
– २४ गेजची बारीक हुकअप वायर, चार रंगांत
– ग्राउंडसाठी टिनचा मुलामा असलेली उघडी तांब्याची तार, २० गेजच्या आसपास
– हीट-श्रिंक स्लीव्ह (जोडावर ओढून तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी), एक सोल्डर टॅग (वायर जोडायची भोकाची धातूची पट्टी), दातेरी वॉशर, नट-बोल्ट
– १०० किलोओहमचे आठ रेझिस्टर, हवे असल्यास

हत्यारं:
– २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, स्टँड आणि ओला स्पंज
– ६०/४० चं रोझिन असलेलं बारीक सोल्डर
– बीप वाजणारा मल्टिमीटर
– ड्रिल मशीन, ३ मिमीचा बिट, स्टेप ड्रिल, सेंटर पंच, गोल कानस
– वायर स्ट्रिपर, छोटी पक्कड, डोळ्यांसाठी गॉगल

स्विचबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. टॉगलमध्ये दोन प्रकार मिळतात, ऑन-ऑन आणि ऑन-ऑफ-ऑन. दुसरा घ्या. मधल्या जागी दोन्ही जोड्या बंद होतात, म्हणजे फुकटात म्यूट मिळतं. कोणी दारात आलं की कळ मधे आणली की झालं. तीन जोड्या लावायच्या असतील तर चार पोल तीन वे असा रोटरी स्विच मिळतो. घेताना तो नॉन-शॉर्टिंग आहे ना, हे विचारा. शॉर्टिंग प्रकारात फिरवताना पुढचा संपर्क जोडल्यावर मागचा सुटतो, आणि डबा उलटा वापरला तर त्या क्षणाला दोन उपकरणांची आउटपुट एकमेकांना भिडतात.

डबा लोखंडी पत्र्याचा घेऊ नका. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत रंगाचा टवका उडाला की तिथून गंज धरतो. प्लास्टिकचा डबा तर नकोच, तो घरघर अडवत नाही.

४. सामान मिळवायचं कुठून

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा इथल्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानांत सोल्डर, वायर, रेझिस्टर, हीट-श्रिंक आरामात मिळतं. बारा पायांचा टॉगल आणि चांगले टीआरएस जॅक मात्र दुकानात हमखास असतील असं धरू नका. कोणी मुंबईला जात असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला जात असेल तर बुधवार पेठ, नाहीतर सरळ ऑनलाइन. जॅकवर कंजूषी नको. हलक्या जॅकचा स्प्रिंग लवकर मरतो आणि मग ज्या त्रासातून सुटायचं होतं तोच परत दारात. शक्य असेल तर सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचा स्विच घ्या. चांदीचे संपर्क दमट हवेत काळे पडतात, आणि एवढ्या कमी व्होल्टेजला तो काळा थर भेदता येत नाही.

जॅक घेताना पाय मोजा. तीन पायांचा जॅक आपल्या कामाचा. पाच-सहा पायांच्या जॅकमध्ये प्लग काढल्यावर आपोआप जोडले जाणारे जास्तीचे संपर्क असतात. चालतात, पण पहिल्या डब्याला ती डोकेदुखी नको.

५. नकाशा: ही पायरी वगळू नका

स्विच उलटा धरा. खाली तीन-तीन पायांच्या चार ओळी दिसतील. प्रत्येक ओळ म्हणजे एक पोल. ओळीतला मधला पाय इनपुटचा, एका टोकाचा पाय स्पीकरच्या पहिल्या, म्हणजे ए जोडीचा, दुसऱ्या टोकाचा दुसऱ्या, म्हणजे बी जोडीचा. कागदावर हे बारा ठिपके मोठे काढा आणि लिहा:

पहिली ओळ, डावी टिप, लाल वायर
दुसरी ओळ, डावी रिंग, पांढरी वायर
तिसरी ओळ, उजवी टिप, पिवळी वायर
चौथी ओळ, उजवी रिंग, निळी वायर

प्रत्येक ओळीत तोच रंग तीनदा. एकूण बारा वायर, आणि सहा स्लीव्हना जोडणारी एक उघडी तार. सगळं सर्किट एवढंच.

आता मल्टिमीटर बीपवर ठेवून स्विचचे पाय तपासा. नवशिक्यांना चकवणारी गोष्ट अशी की टॉगलची कळ ज्या बाजूला ढकलाल, त्याच्या उलट बाजूचा पाय मधल्याला जोडला जातो. कळ वर, तर संपर्क खाली. आतली पट्टी कळीच्या टेकूवर डोलते म्हणून असं होतं. डब्यावर ए आणि बी लिहिण्याआधी हे मीटरने पाहून कागदावर नोंदवा.

जॅकचे पायही अंदाजाने ठरवू नका, कंपनीगणिक रचना बदलते. जॅकमध्ये टीआरएस प्लग घाला, मीटरची एक सळई प्लगच्या टिपला लावा आणि दुसरी एकेका पायाला. बीप वाजेल तो टिपचा पाय. तसंच रिंग आणि स्लीव्ह. मार्करने खूण करा. सहाही जॅक एकाच पुड्यातले असतील तर एकावर काम भागतं.

६. डब्याला भोकं

दोन इनपुट जॅक डब्याच्या एका लांब बाजूला, चार आउटपुट जॅक समोरच्या लांब बाजूला, स्विच वरच्या अंगाला. चार जॅकमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत किमान २५ मिमी सोडा. नुसता जॅक बसतोय म्हणून अंतर कमी ठेवलं तर प्लगच्या जाड मुठी एकमेकींना धडकतात.

डब्यावर मास्किंग टेप चिकटवा, त्यावर मापं आखा, पंचने खूण करा, ३ मिमीचं भोक पाडा, मग स्टेप ड्रिलने वाढवा. जॅकच्या आट्याचं माप व्हर्नियरने घ्या. जुन्या पद्धतीच्या उघड्या धातूच्या जॅकला साधारण ९.५ मिमी लागतात, प्लास्टिक बॉडीच्या जॅकला त्याहून मोठं भोक. डबा हातात धरून ड्रिल करू नका, शिकंज्यात किंवा लाकडावर आवळून करा. अॅल्युमिनियमचा बारीक चुरा नंतर नीट झटका. एक कण दोन पायांमध्ये अडकला तरी शॉर्ट होतो.

७. सोल्डरिंग

बाराही वायर आधी डब्याबाहेरच स्विचला जोडा. आत गेल्यावर हात पोचत नाही. प्रत्येकी १२ सेंमीच्या वायर कापा, टोकं ४ मिमी सोला, पिळा आणि आधीच सोल्डरचा पातळ थर द्या. हीट-श्रिंकचा तुकडा वायरमध्ये आधी ओवायचा, मग सोल्डर करायचं. जॅकच्या बाजूलाही तसंच.

आयर्न पायाला आणि वायरला एकदम टेकवा, सोल्डर त्या दोघांना लावा, आयर्नच्या टोकाला नाही. ६०/४० सोल्डर १९० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतं. पाय तेवढा तापला की सोल्डर आपणहून पसरतं. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. त्याहून जास्त वेळ टेकवलंत तर छोट्या टॉगलचं प्लास्टिक मऊ होतं, पाय कलतो आणि आतला संपर्क बिघडतो. जमलं नाही तर आयर्न उचला, थंड होऊ द्या, मग पुन्हा. जॅकला सोल्डर करताना त्यात एक प्लग घालून ठेवा, म्हणजे उष्णतेने आतली पट्टी जागा सोडणार नाही. चांगला जोड गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. भुरकट, खडबडीत गोळा दिसला तर ते ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा. ६०/४० मध्ये ४० टक्के शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

आता स्विच आणि जॅक डब्यात बसवा. एका रेषेतल्या जॅकच्या स्लीव्हवरून उघडी तार ओढून सोल्डर करा, मग दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडा. या ग्राउंडपासून एकच वायर डब्याला, सोल्डर टॅग आणि दातेरी वॉशर लावून. डबा रंगवलेला असेल तर त्या जागेचा रंग आतून खरवडून काढा, नाहीतर वॉशर रंगावरच बसतो आणि डबा ग्राउंडला लागतच नाही. प्लास्टिक बॉडीचे जॅक मी सुचवले ते याचसाठी, डबा आणि ग्राउंड एकाच ठिकाणी भेटतात.

मग प्रत्येक रंगाची वायर नकाशाप्रमाणे तिच्या जॅकला. टिप आणि रिंगच्या वायर एकमेकींभोवती सैल पिळून न्या.

१०० किलोओहमचे आठ रेझिस्टर आउटपुट जॅकवर बसवायचे, प्रत्येक टिप आणि प्रत्येक रिंगपासून स्लीव्हला एकेक. बंद असलेल्या जोडीचं इनपुट यामुळे अधांतरी राहत नाही, आणि कळ फिरवताना येणारा टक् आवाज कमी होतो. आवाजाच्या दर्जावर परिणाम नाही. आधी डबा त्यांच्याशिवाय लावून पाहा, त्रास वाटला तरच घाला.

८. इंटरफेसला लावण्याआधीची तपासणी

झाकण लावायची घाई नको. कळ एवर ठेवा. डाव्या इनपुटची टिप आणि डाव्या ए आउटपुटची टिप यांत बीप वाजली पाहिजे. रिंगचंही तसंच, उजवीकडेही तसंच. बीच्या चारही जागी शांतता हवी. कळ बीवर नेऊन हेच उलट. मधल्या जागी दोन्हीकडे शांतता. मग प्रत्येक जॅकमध्ये टिप आणि रिंग, टिप आणि स्लीव्ह, रिंग आणि स्लीव्ह तपासा, कुठेच बीप नको. रेझिस्टर लावले असतील तर ओहमवर टिप ते स्लीव्ह साधारण १०० किलोओहम दाखवेल, टिप ते रिंग २००. ते बरोबर आहे. सहाही स्लीव्ह आणि डब्याचं धातू यांत मात्र सगळीकडे बीप हवी.

मीटरने पास झालं की कानाने. स्पीकरचा आवाज अगदी कमी ठेवून घुमट आणि शामेळ असलेली एखादी आरती लावा, गळा मधोमध असलेली. गळा दोन स्पीकरच्या बरोबर मध्यातून आला पाहिजे. तो पसरट, दिशाहीन वाटला आणि घुमटाचा खर्ज पोकळ झाला तर एका बाजूची टिप आणि रिंग अदलाबदल झाली आहे. दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ढकलत असतात, म्हणून खर्ज खाल्ला जातो.

दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करणंही इथेच उरका. स्पीकरच्या पाठीमागे लेव्हलचा नॉब असतो. पिंक नॉइज (खर्जापासून उंच स्वरांपर्यंत सगळं असलेला सळसळता चाचणीचा आवाज) लावा, बसण्याच्या जागी मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप ठेवा आणि मोठ्या आवाजाची जोडी कमी करून दुसरीशी जुळवा. कानाला जास्त मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. हे जुळवलं नाही तर तुलना करण्यासाठी बनवलेला डबा तुमची दिशाभूल करत राहील.

९. घरघर आली तर

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. ग्राउंडचा घोळ असेल तर ५० किंवा १०० हर्ट्झचा जाड घुंईं आवाज येतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर दोष डब्यात नाही. इंटरफेस, लॅपटॉप आणि चारही स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागेवरून येईल. स्पीकर बॅलन्स्ड असूनही मधे टीएस केबल लावलेली नाही ना, तेही बघा.

गोव्यातल्या जुन्या कौलारू घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण आत अर्थिंगची तार पोचलेलीच नसते असं अनेकदा आढळतं. घरघर असो वा नसो, वायरमनकडून ते तपासून घ्या. आणि घरघर जावी म्हणून कोणी प्लगची अर्थ पिन काढायला सांगितली तर ऐकू नका. ती पिन जिवासाठी आहे.

१०. पावसाळ्यातली काळजी

जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमटपणात न वापरलेले संपर्क आधी खराब होतात. आठवड्यातून एकदा कळ आठ-दहा वेळा इकडून तिकडे करा, घासून संपर्क साफ राहतात. प्रत्येक जॅकमधला प्लगही अधूनमधून थोडा फिरवा. खरखर सुरू झालीच तर प्लगवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्विचच्या आत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा. दारातल्या कडीला लावतो ते तेल इथे चालत नाही, त्यावर धूळ बसते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवायची असेल तर ती पायांपासून दूर, झाकणाला टेपने चिकटवा.

गडगडाट सुरू झाला की डब्याची कळ मधे आणून काही होत नाही, कारण ग्राउंड जोडलेलंच असतं. इंटरफेस आणि स्पीकरच्या पिना सॉकेटमधून काढून ठेवा.

नकाशाचा कागद घडी घालून झाकणाच्या आत चिकटवा आणि त्यावर रंगांची नावं स्वच्छ लिहा. चवथीच्या धामधुमीत एखादी वायर सुटली आणि तुम्ही घरी नसाल, तर मंडळातलं दुसरं कोणीही ती पाहून जोडू शकेल.